दुसरं कडवं आणि शंभर वॅट

९ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी नव्हे. ही टोनची वही आहे. अ‍ॅम्पवरच्या बटणांचे आकडे रोज लिहून ठेवायचे, म्हणजे चांगला आवाज एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. मला पटलं. मी आठवडाभर प्रयोगशाळेत शेतकऱ्यांची माती, पाणी आणि द्राक्षाच्या पानांचे देठ तपासतो. मोजल्याशिवाय मी चहात साखर घालत नाही. मग गिटारच तेवढी अंदाजपंचे का वाजवावी?

आजचे आकडे: गेन ७ (गेन म्हणजे ती खरखर, जिच्यासाठी माणूस इलेक्ट्रिक गिटार घेतो), बास ८, मिड २, ट्रेबल ७. मास्टर, म्हणजे एकूण आवाज, ३. ठिकाण: माझी खोली, आईच्या आग्रहावरून दार बंद. खाली भरीव गडगडाट, वर काचेसारखी धार आणि मध्ये काही नाही. ऐकून माझं मलाच भरून आलं. आकडे ठरले. आता यात बदल नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिंडोरीला तालीम. आमच्या बँडचं नाव 'पाणीकपात'. आम्ही चौघं. आभा गाते आणि गाणी लिहिते, एरवी ती फिजिओथेरपिस्ट आहे. ड्रमवर शौनक, जो सकाळी रामकुंडावर यजमानांचे विधी सांगतो आणि संध्याकाळी हातातली पळी ठेवून काठ्या घेतो. बास गिटारवर सुयश. त्याच्या काकांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. माल जानेवारीअखेर सुरू होतो, तोवर ते पत्र्याचं भलंमोठं शेड रिकामं असतं, म्हणून आमचं.

घरचेच आकडे लावले आणि आश्चर्य म्हणजे गिटार ऐकूच येईना. पहिल्या गाण्यात मास्टर ३ चं ५ केलं. दुसऱ्यात ६. शौनक फार जोरात वाजवतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही, कारण त्यानं कानात कापूस घातला होता. पहाटे नदीवर गार वारा असतो, त्याचा त्रास असावा.

सुयश हल्ली खांबापलीकडे उभा राहून वाजवतो. लाजाळू आहे.

'डावा हात' हे गाणं मात्र आज रंगलं. आभानं दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं. त्याच्या दुसऱ्या कडव्यात मी एक वळसेदार तुकडा टाकतो. दर वेळी तिथं शौनक आणि सुयश माझ्याकडे बघतात आणि हसू दाबतात. आभासुद्धा गाता गाता माझ्याकडे बघते. कलाकाराला याहून मोठी पावती नसते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कोंडाजी नावाचे एक शेतकरी देठाचा रिपोर्ट न्यायला आले होते. वेल वाढेना म्हणून युरिया घातला, तरी वाढेना म्हणून आणखी घातला. रिपोर्टात युरियातलं नत्र छपराला टेकलेलं आणि पालाश (पोटॅश) तळाला.

"काका," मी म्हटलं, "जे कमी आहे ते बघायचं सोडून जे हाताशी आहे तेच वाढवत बसलात. आणखी घालून काय होणार? बाकीच्यांचंही खाणं तुटतं त्यानं."

"साहेब, वाढवलं की बरं वाटतं वो," ते म्हणाले.

काय म्हणावं या लोकांना!

३० नोव्हेंबर, रविवार

मोठा दिवस. लासलगावच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा बंद केला. त्याचा शंभर वॅटचा अ‍ॅम्प काल घेऊन आलो. माझा जुना चाळीसचा होता. येताना गाडीत मागच्या सीटवर अ‍ॅम्प, डिकीत त्यानं प्रेमानं दिलेली कांद्याची गोणी. अ‍ॅम्पला अजून कांद्याचा वास येतो आहे.

पॅकहाऊसमध्ये त्यावरची चादर काढली तेव्हा तिघंही एक पाऊल मागे सरकले. शौनक शेवटी म्हणाला, "शंभर?" मी म्हटलं, "शंभर." सुयश पाणी प्यायला बाहेर गेला, तो बराच वेळ आला नाही.

आणखी एक बातमी. एका वायनरीनं १८ जानेवारीला संध्याकाळच्या कार्यक्रमाला बोलावलं आहे. आमचा पहिला खरा कार्यक्रम, आतापर्यंत नुसती गॅदरिंगं आणि एक बारसं झालं. मी एवढा खूश झालो, पण आभा शांतच होती. निघताना म्हणाली, "ललित, कार्यक्रम झाला की मला जरा बोलायचंय."

मास्टर ६. शंभराचं ६.

७ डिसेंबर, रविवार

आभाचा घसा बसला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे मौन आणि नंतरही जपून, ओरडायचं तर नाहीच. "एवढं ओरडायची वेळ कुठं येते तुमच्यावर?" असं त्यांनी विचारलं म्हणे. मी तिला ज्येष्ठमध, मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि पोटातून श्वास घेण्याबद्दल अर्धा तास समजावलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मौन होतं ना.

शौनकनं एक कल्पना मांडली: कार्यक्रमात दोन-तीन गाणी बिनगिटारीची करू. मला विश्रांती मिळावी म्हणून. मी त्याचा खांदा थोपटला आणि सांगितलं, काळजी करू नकोस, माझ्यात खूप दम आहे.

१४ डिसेंबर, रविवार

आज आभा नव्हती. आम्ही तिघांनीच वाजवलं. आवाज नेहमीसारखाच लागला, काही कमी वाटलं नाही. असं मी म्हणालो तर शौनकनं काठ्या खाली ठेवल्या.

"तेच तर," तो म्हणाला. "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण सांगतो. अठरा जानेवारी हा आभाचा शेवटचा कार्यक्रम आहे. नंतर ती सोडत्ये."

"का?"

शौनक सुयशकडे बघायला लागला, सुयश छताकडे. "घसा," सुयश म्हणाला.

घरी येऊन आकडे लिहिले नाहीत. खरं सांगायचं तर मी या बँडमध्ये गिटारसाठी आलोच नव्हतो. तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या गच्चीवर आभा कशाच्याही साथीशिवाय गात होती. मी हातात बटाटेवडा घेऊन उभा होतो, तो तसाच गार झाला. त्या आवाजाशेजारी उभं राहायला मिळावं, एवढंच वाटलं होतं. आता ती गेली तर बाकीचे आम्ही कशाला जमायचं? मला फार वाईट वाटतं आहे. हे वहीत लिहायला जागा केली नव्हती, पण लिहिलं.

१७ डिसेंबर, बुधवार

ठरलं. आभाला असा निरोप द्यायचा की ती जन्मभर विसरणार नाही. 'डावा हात'च्या दुसऱ्या कडव्यातला माझा तुकडा दुप्पट लांब करणार. तिच्या घशालाही आराम.

२८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो, जरी लिहायची इच्छा नाही.

माल जवळ आला म्हणून पॅकहाऊसची धुलाई सुरू झाली आहे. कुसाबाई आणि तीन बायका प्लास्टिकची कॅरेट धूत होत्या. कुसाबाई पेठ तालुक्यातल्या, हंगामात इथल्या सगळ्या बायकांच्या मुकादम. आम्ही आलो तेव्हा फरशी ओली होती. त्यांनी शंभर वॅटकडे बोट दाखवलं.

"ती पेटी खाली नका ठेवू दादा. करंट मारंल. कॅरेटावर ठिवा."

तीन कॅरेट उलटी रचली, त्यावर अ‍ॅम्प चढवला. तीन वर्षं माझा अ‍ॅम्प, आधी जुना आणि आता हा, माझ्या मागे, जमिनीवर, गुडघ्यांशी बोलत होता. आता तो थेट कानाशी आला. मी नेहमीचे आकडे लावले, मास्टर ६, आणि पहिला कॉर्ड वाजवला.

देवा रे! डोक्यात कुणीतरी पत्र्याचं शेड बांधलं आणि लगेच पाडलं. मी हातातली पिक, म्हणजे तार छेडायची चकती, टाकून दोन्ही कान धरले. शेडमधली कबुतरं उडाली. कबुतरं आहेत हेही मला आजच कळलं, आजपर्यंत ती तालमीच्या दिवशी आधीच निघून जात असावीत.

वळून बघितलं तर तिघंही माझ्याकडे बघत होते, आणि कुणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"हे असंच असतं?" मी विचारलं.

"आज जरा बरं आहे," शौनक म्हणाला आणि कानातला कापूस काढून मला दाखवला. "दर रविवारी."

मी म्हटलं, आपण बाहेरच्यांना विचारू. कुसाबाई शेडच्या दुसऱ्या टोकाला कॅरेटावर बसल्या होत्या, त्या निःपक्षपाती. आभाचं मौन संपलं होतं, पण घसा जपायचा म्हणून ती हळू गात होती. आम्ही 'डावा हात' पूर्ण वाजवलं, मी मास्टर ५ वर आणलं होतं, आणि मी जाऊन विचारलं, "मावशी, कसं वाटलं?"

"वाजवता लय भारी," कुसाबाई म्हणाल्या. "पण ती ताई काय म्हणती ते आम्हाला कधी कळलंच नाय. मागच्या टायमाला पण नाय. नुसतं तोंड हालतं तिचं." मग जरा पुढं वाकून त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं न् तिचं भांडण हाय का?"

मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

राग आला आहे. गिटारमधलं त्यांना काय कळतं? आणि शौनक, सुयश, हे मित्र? तीन वर्षं कापूस घालून बसले पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी. मागची पानं वाचली. विश्रांतीची कल्पना. खांब. पाणी प्यायला गेलेला सुयश. त्यांनी तोंड उघडलं होतं. मीच पावत्या समजून खिशात टाकत गेलो. आणि आभाचा घसा बसला तो माझ्यामुळे. हे वाक्य लिहून मी वही मिटली होती, पुन्हा उघडली.

३१ डिसेंबर, बुधवार

कोंडाजींचा फोन. युरिया बंद केला, पालाश दिलं. "साहेब, तुमी म्हनला तेच खरं. घालतच सुटलो व्हतो. कमी काय हाय ते बघितलंच नाय."

मी फोन ठेवला आणि ऑफिसातल्या ऑफिसात या वहीचं पहिलं पान उघडलं. बास ८, ट्रेबल ७, मिड २. मिड म्हणजे मधला पट्टा. गिटारचा खरा आवाज तिथंच राहतो. मी तो काढून टाकला होता. खाली माझा बास सुयशच्या बासशी भांडत होता, वर माझा ट्रेबल शौनकच्या झांजांशी, आणि मध्ये मी नव्हतोच. मग ऐकू येत नाही म्हणून मास्टर वाढवला. तरी येईना म्हणून आणखी वाढवला. त्यासाठी लासलगावपर्यंत गेलो.

एकटा असताना गोड लागलेला आवाज चौघांत चालेलच असं नाही, हे देठ तपासणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. कोंडाजींना मी दोन मिनिटांत सांगितलं होतं.

४ जानेवारी, रविवार

गेन ३, बास ४, मिड ७, ट्रेबल ५. मास्टर ३. अ‍ॅम्प जुना, चाळीसचा, कॅरेटावर, तोंड माझ्या कानाकडे. शंभर वॅट घरी. त्यावर आईनं मनीप्लँट ठेवला.

अनुभव भयंकर. खरखर कमी केली की सगळं दिसतं. बोट घसरलं, दिसलं. कॉर्ड अर्धा लागला, दिसला. गेली कित्येक वर्षं माझ्या अर्ध्या चुका त्या गडगडाटाखाली झाकलेल्या होत्या. पंचा नेसून लग्नाला गेल्यासारखं वाटलं.

शौनकच्या कानात कापूस नव्हता. "थंडी कमी झाली का?" मी विचारलं.

"आजपासून झाली," तो म्हणाला. सुयश खांबाच्या अलीकडे उभा होता. तो वाजवतो कसलं सुंदर! कुणी सांगितलं नाही मला.

आभा कार्यक्रमासाठी आवाज राखून आहे, शब्द न म्हणता नुसती 'ला ला' करते. मी तिची माफी मागितली. सरळ, बोलून. ती म्हणाली, "ठीक आहे रे." नंतर म्हणाली, "'डावा हात'चे शब्द तुला माहीत आहेत ना?"

"आहेत की," मी म्हटलं.

नाहीत. पहिली ओळ माहीत आहे, पुढे मी मात्रा मोजत असतो. दोन वर्षांपूर्वी तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण गाणं पाठवलं होतं, त्याला मी लगेच अंगठा दाखवला होता. त्यानंतर माझा फोन बदलला आणि जुने मेसेज गेले. आता कुठल्या तोंडानं मागू?

ती जाणार आहे हे मात्र तसंच आहे. मास्टर ३ वर आणल्यानं काही सगळं भरून येत नाही.

११ जानेवारी, रविवार

मिड ६. दुसऱ्या कडव्यातला माझा तुकडा निम्मा केला. तिथं अजूनही शौनक आणि सुयश माझ्याकडे बघून हसू दाबतात. तुकडा आता काही विशेष राहिलेला नाही. मग हसतात कशाला?

१९ जानेवारी, सोमवार

काल कार्यक्रम झाला. सकाळपासून ऑफिसात काही सुचत नाही, म्हणून इथंच लिहितो.

वायनरीची हिरवळ, पलीकडे द्राक्षवेलींच्या रांगा, तीनशे माणसं. सुयशच्या पिकअपमधून आमचं सामान आलं, आणि सामानाबरोबर कुसाबाई आणि त्यांच्या तिघीही. आभानं बोलावलं होतं. त्या फाटकाजवळ स्वतःची कॅरेट उलटी करून बसल्या.

साउंडवाले लहानूभाऊ आले ते भांडायच्या तयारीतच. "गिटारवाले दादा, मास्टर किती?"

"तीन."

ते थांबले. अ‍ॅम्पकडे बघितलं, कॅरेटाकडे बघितलं. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी हातानं खूण केली: थोडा वाढवा. बावीस वर्षांत गिटारवाल्याला ही खूण पहिल्यांदाच केली, असं नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

चौथं गाणं 'डावा हात'. आभा काल पूर्ण आवाजात होती, आणि ओरडत नव्हती. ओरडायची गरज नव्हती. पहिलं कडवं झालं. मी दुसऱ्या कडव्याच्या तुकड्यासाठी बोटं वर नेली, आणि तिनं गायला सुरुवात केली:

माझ्या डाव्या हाताला एक जण उभा,
दोन पावलांवर, तरी परगावी.
मी हाक मारते, तो तारा पिळतो;
दमला की थांबेल, तेव्हा ऐकू यावी.

मी आभाच्या डाव्या हाताला उभा असतो. तीन वर्षं तिथंच उभा आहे. दोन पावलांवर.

माझा हात थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. शौनक आणि सुयश हसू दाबता दाबता एकदम गंभीर झाले आणि तेही थांबले. हिरवळीवर पेल्यांचासुद्धा आवाज नव्हता. आभानं डावीकडे मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं. कशाच्याही साथीशिवाय. त्या गच्चीवर म्हटल्यासारखं. मला रडू आलं, डोळे मी पुसले नाहीत, कारण हातात पिक होतं. शेवटच्या ओळीला मी एकच तार छेडली, हलकेच. ती हसली आणि आम्ही पुढे गेलो.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांच्या वरताण फाटकाजवळून कुसाबाईंचा आवाज आला, "आलं गं ऐकू!"

सामान आवरताना लोक येऊन सांगत होते, ती मध्ये थांबायची जागा काय बसवलीय! शौनक प्रत्येकाला म्हणत होता, "दोन वर्षं तालीम केली तिची."

आभा केबल गुंडाळत होती. मी जवळ गेलो.

"ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"आलं. तू आधी का नाही सांगितलंस?"

"दर रविवारी सांगत होते," ती म्हणाली. "माइकवरून."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "कार्यक्रम झाला की बोलायचंय म्हणाली होतीस. जाणार आहेस ना?"

तिनं केबलचा शेवटचा वेढा घातला. "पुढच्या रविवारी तालीम किती वाजता आहे?"

२१ जानेवारी, बुधवार

पॅकहाऊस आजपासून मालानं भरलं. वाटलं, आता आम्ही रस्त्यावर. पण कुसाबाईंनी सुयशच्या काकांना सांगितलं, पोरांना रविवारी येऊ द्या, घड साफ करताना बायांना बरं वाटंल. त्यांची अट एकच: आमच्या गप्पा आम्हाला ऐकू आल्या पाहिजेत.

मास्टर २.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी आभाचा मेसेज आला. फोनच्या पडद्यावर वर तेवढंच दिसलं: "'डावा हात', तिसरं कडवं. दुसरं आता खोटं पडलं म्हणून." पुढच्या ओळी उघडल्यावर दिसतील.

तासभर फोन समोर ठेवून बसलो आहे. अंगठा दाखवलेला नाही. मेसेज उघडलेलाही नाही. रविवारी ती म्हणेल, तेव्हाच ऐकणार आहे.